मिस्त्रीणबाई आणि पाहुण्यांची भिंत

मिस्त्री माडीवरून पडले तेव्हा त्यांच्या हातात थापी होती आणि जमिनीवर आपटेपर्यंत ती सुटली नाही, असं लोक अजूनही कौतुकानं सांगतात. हे ऐकलं की त्यांच्या बायकोचं डोकं फिरतं. "थापी कसली धरून बसायची? कठडा धरायचा!" ती म्हणते. आणि मग जरा थांबून स्वतःच म्हणते, "पण धरणार कसा? कठडाच तर त्यांच्याबरोबर खाली आला."

तो कठडा दुसऱ्याच कुणीतरी बांधलेला होता. वरून गिलावा लोण्यासारखा गुळगुळीत. आत मात्र विटांचे सांधे एकावर एक आलेले. वरची वीट खालच्या दोन विटांवर अर्धी अर्धी बसली तर भिंत एकजीव होते. सांध्यावर सांधा आला की ती भिंत नव्हे, नुसती उतरंड. मिस्त्री भरवशानं त्या कठड्याला टेकले आणि गेले. खुब्याचं हाड मोडलं ते पुन्हा नीट जुळलंच नाही. तेव्हापासून ते काठी टेकत फार तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि वाटेत दिसेल त्या भिंतीला नावं ठेवतात.

बायकोनं त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं घमेली वाहिली होती. वाहता वाहता काम डोळ्यांत बसलं होतं. मिस्त्री चहाला बसले की ती हळूच चार विटा लावून ठेवायची. मिस्त्री परत येऊन त्यातली एक उचलून बाजूला ठेवायचे. "ही कुणी लावली?" विचारायचे, जसं काही माहीतच नाही. बाकीच्या तीन तशाच राहू द्यायचे. हीच तिची शाळा आणि हाच निकाल.

मिस्त्री दवाखान्यात पडून होते तेव्हा एका दुकानाची भिंत अर्धी राहिली होती. मालक दुसरा गवंडी शोधत फिरत होता. तो सापडायच्या आत हिनं थापी उचलली आणि तीन दिवसांत भिंत पुरी केली. मालकानं भिंतीवरून हात फिरवला, मान हलवली, आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं. गावानं मात्र नाव ठेवून टाकलं: मिस्त्रीणबाई. नावात मान कमी आणि चेष्टा जास्त. कामं मिळायची ती तशीच. कोंबड्यांचं खुराडं, धुण्याचा कट्टा, पडक्या कुंपणाची डागडुजी. घर म्हणून तिच्या हाती कुणी दिलं नाही. अशी सात वर्षं गेली.

आणि एक दिवस शाळेचे हेडमास्तर दारात उभे राहिले.

शाळेत खोल्या दोन आणि वर्ग पाच. पाचवा वर्ग व्हरांड्यात बसायचा. वारा सुटला की वह्यांची पानं आणि मास्तरांचा आवाज दोन्ही उडून जायचे. कुठल्याशा संस्थेनं मनावर घेतलं होतं. दूरच्या देशातल्या एका शाळेची सोळा मुलं येणार, बारा दिवस राहणार आणि आपल्या हातांनी एक खोली बांधून देणार. काम पसंत पडलं तर पुढच्या वर्षी दुसरी खोली. पाया आणि जोतं एका ठेकेदारानं आधीच करून ठेवलं होतं. पण परदेशी पोरं सांभाळत भिंती चढवायच्या म्हणजे तराजूत बेडूक तोलायचे, असं म्हणून त्यानं अंग काढून घेतलं.

"गावात चांगलं काम करणारं दुसरं आहे कोण?" हेडमास्तर म्हणाले. त्याआधी ते तीन गवंड्यांच्या दारात जाऊन आले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मिस्त्रीणबाईलाही. तिनं तोंडावर तसं दिसू दिलं नाही.

"जा," मिस्त्री म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. पाहुण्याच्या कामाला नावं ठेवता येत नाहीत. तिथंच पंचाईत होणार तुझी."

मुलं आली. सोळा-सतरा वर्षांची, नवेकोरे हातमोजे घातलेली, पहिल्याच दिवशी उन्हानं नाकं लालबुंद झालेली. बरोबर त्यांचे सर, डोक्यावरची टोपी कधीच न काढणारे. म्हणून गावानं त्यांना टोपीवाले सर म्हणायला सुरुवात केली. त्यांची भाषा गावात एकाच माणसाला येत होती, शाळेतल्या धाकट्या बाईंना. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करता करता त्या बिचाऱ्यांचा घसा बसला.

मिस्त्रीणबाई मनात धास्तावून गेली होती, पण पोरांचा राग येणं अवघडच होतं. तान्हं बाळ घ्यावं तशी ती दोन्ही हातांनी वीट धरत. वाळू-सिमेंटचा माल थापत तो विटेवर कमी आणि बुटांवर जास्त. एक ताडमाड मुलगा दिवसातून चार वेळा परांचीच्या बांबूवर डोकं आपटून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी बांबूचीच माफी मागायचा. त्याला सगळे लंबू म्हणू लागले. दुसरी एक चष्मेवाली मुलगी होती, तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असायचं. विटा पाण्यात का भिजवायच्या?

"तहानलेली वीट मालातलं पाणी पिऊन टाकते," मिस्त्रीणबाई म्हणाली. "मग माल राहतो कोरडा. धरून ठेवायला त्याच्यात जीव उरत नाही."

बाईंनी ते सांगितलं. मुलीनं वही काढून लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय हे मिस्त्रीणबाईनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ती इतकी संकोचली की तोंड फिरवून विटा मोजू लागली.

माल कालवायला आणि घमेली वाहायला गावातल्या तिघी जणी होत्या. त्यांत एक मिस्त्रीणबाईची चुलत जाऊ, धाकटी, जिभेची तिखट. तिसऱ्या दिवशी दुपारी सावलीला बसल्या असताना ती म्हणाली, "जाऊबाई, एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचार."

"ही पोरं काल आली. बारा दिवसांनी जाणार. त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी थापी दिलीत. मी चौदा वर्षं घमेली वाहतेय. माझ्या हातात कुणी दिली?"

"तू कधी मागितलीस?"

"मागितली असती तर दिली असतीत?"

मिस्त्रीणबाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. एकोणीस वर्षं आपणही कधी मागितली नव्हती, हे तिला आठवलं. आपल्याला मिळाली ती नवरा पडला म्हणून.

सहाव्या दिवशी मिस्त्रींना दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं. दुपारनंतर ती त्यांना घेऊन गेली. जाताना दोरी लावून दिली, कोपरे उभारून दिले, आणि बाईंना बजावलं: "सावकाश करू दे. एक हात झाला तरी पुरे."

तिची पाठ वळली आणि टोपीवाल्या सरांच्या डोक्यात कल्पना आली. मुलं कंटाळली होती, त्यांना हुरूप यावा म्हणून त्यांनी दोन गट पाडले आणि शर्यत लावली. एका गटाला मागची भिंत, दुसऱ्याला बाजूची. संध्याकाळपर्यंत कुणाची जास्त चढते ते बघू. मग काय विचारता! गाणी, आरडाओरडा, टाळ्या. अंधार पडायच्या आत दोन्ही भिंती छातीला लागल्या. हेडमास्तरांनी स्वतः फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीणबाई आली आणि लांबूनच थबकली. भिंत बघायला तिला जवळ जावं लागलं नाही. पोट सुटलेल्या माणसासारखी मागची भिंत मधोमध बाहेर आली होती. तिनं ओळंबा सोडला. पोटाशी दोरा भिंतीला चिकटला आणि वर दोन बोटं फट. आणि सांधे? एका ठिकाणी सलग सात थर, सांध्यावर सांधा, जिन्यासारखं नव्हे तर शिडीसारखं सरळ.

"मी सांगत होते हो," जाऊ जवळ येऊन पुटपुटली. "हातवारे करून करून सांगितलं. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय. आणखी जोरात लागली कामाला."

मिस्त्रीणबाईला हसू आलं नाही. ती हेडमास्तरांच्या खोलीत गेली.

"पाडायला लागेल. दोन्ही."

हेडमास्तरांनी आधी दार लोटून घेतलं. "हळू बोला. अहो, पाहुणे आहेत ते. सातासमुद्रापलीकडून आलेली लेकरं. त्यांच्या देखत पाडायचं?"

"मग कधी?"

"ती गेली की. चार माणसं लावू, गुपचूप पाडू, नीट बांधू. ना त्यांना कळणार, ना वाईट वाटणार. सगळीकडे असंच करतात. आणि दुसरी खोली हातची घालवायची आहे का तुम्हाला?"

"आणि तुमची चार माणसं आलीच नाहीत तर? वरून गिलावा झाला की कोण बघतंय आत काय आहे ते? मुलं टेकून बसतील भिंतीला."

"तुम्ही फारच ताणता."

"माझ्या घरात बसलेत एक, असल्या भिंतीला टेकलेले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हेडमास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "करा काय करायचं ते. मला विचारू नका."

सगळी मुलं भिंतीपुढे गोळा झाली होती, कालच्या पराक्रमावर खूश. मिस्त्रीणबाईनं धाकट्या बाईंना सांगितलं, "यांना सांगा, भिंत वाकडी आहे, कच्ची आहे, पाडायला लागेल."

बाई पुष्कळ काहीतरी बोलल्या. मुलं हसली, दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"बाई, काय सांगितलंत तुम्ही?"

बाई लाजल्या. "म्हटलं, मेहनत छान केलीत, थोडी सुधारणा करू या."

"तुमच्या गोड जिभेनं घात होईल," मिस्त्रीणबाई म्हणाली आणि चष्मेवालीला हात धरून भिंतीपाशी नेलं. ओळंबा तिच्या हातात दिला. कसा धरायचा ते दाखवलं, आणि बाजूला झाली. मुलीनं दोरा सोडला. लोखंडी गोळा डुलत डुलत थांबला. मुलगी वाकली, वर बघितलं, खाली बघितलं, फटीत बोट घातलं. दोन बोटं गेली. मग तिनं सांध्यांवरून वरून खाली बोट ओढत नेलं. सात थर, बोट कुठं अडलं नाही. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिनं आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरचं हसू मावळलं. आता भाषांतराची गरज नव्हती.

टोपीवाले सर पुढे आले. त्यांचं म्हणणं बाईंनी या वेळी जसंच्या तसं सांगितलं: पाडलं तर छत होणार नाही. अर्धी खोली सोडून जायला मुलं इतक्या लांब आली नाहीत.

मिस्त्रीणबाई म्हणाली, "त्यांना सांगा, अर्धी चांगली खोली मी पुरी करू शकते. पुरी झालेली वाईट खोली मला नीट करता येत नाही."

सर तिथून बाजूला झाले. एवढ्यात लंबू खिशातून फोन काढून मिस्त्रीणबाईपुढे आला. पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी गावातली भिंत होती आणि तिच्यापुढे हात उंचावून उभी असलेली मुलं. मागच्या वर्षी तो असाच दुसरीकडे गेला होता. ती भिंत त्यानं बांधली होती. "विचारतोय, ही कशी आहे?" बाई म्हणाल्या.

मिस्त्रीणबाईनं फोन हातात घेऊन नीट पाहिलं. काय दिसायचं ते पहिल्या नजरेत दिसलं होतं. पण पोराचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिला सरळ बोलवेना.

"तिथं गावातले गवंडी होते का?"

होते, चार जण, लंबू म्हणाला.

"हाताचे बरे होते?"

खूप बरे, खूप हसरे.

"मग आता ती भिंत चांगली असेल," मिस्त्रीणबाई म्हणाली.

लंबूनं मान डोलावली. दोन पावलं गेला, थांबला, आणि कानापर्यंत लाल झाला. त्याला समजलं होतं. आणि मग तो असा खदखदून हसला की इतका वेळ अवघडून उभ्या असलेल्या सगळ्यांना हसायचं निमित्त मिळालं. पहिली वीट त्यानंच काढली.

पाडण्यात दीड दिवस गेला. माल अजून ओला होता, म्हणून विटा शाबूत निघाल्या. एकेक वीट खरवडून साफ करायची, पाण्यात टाकायची, रचून ठेवायची. टोपीवाले सर सकाळभर दूर उभे होते. दुपारी ते येऊन चष्मेवालीशेजारी उकिडवे बसले आणि विटा खरवडू लागले. त्यांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे, पण त्या संध्याकाळी त्यांच्याच विटा सगळ्यांत स्वच्छ होत्या.

आता दिवस उरले चार. रात्रभर विचार करून मिस्त्रीणबाईनं सकाळी कामाची वाटणी फिरवली. थापी उचलली आणि जावेपुढे धरली.

"घे."

जाऊ बघतच राहिली. "आज? एवढी घाई असताना?"

"घाई आहे म्हणूनच. चौदा वर्षं बघितलंयस तू. या पोरांनी बघितलंय सहा दिवस." मग बाईंकडे वळून म्हणाली, "मुलांना सांगा, आता भिंत या तिघी आणि मी बांधणार. त्यांनी विटा भिजवायच्या, माल कालवायचा, घमेली द्यायची. चष्मेवालीकडे ओळंबा. तिनं प्रत्येक थराला बघायचं आणि चुकलं तर बिनदिक्कत सांगायचं."

मुलं तयारच होती. उलट काय करायचं ते नेमकं कळल्यावर सुटल्यासारखी झाली. घमेलं डोक्यावर घेऊन चालणं सोपं नसतं हे त्यांना दहा पावलांत कळलं. जाऊ एका हातानं घमेलं तोलत दुसऱ्या हातानं पदर सावरायची ते पाहून लंबूनं तिला कडक सलाम ठोकला.

जावेचा पहिला थर वाकडा गेला. चष्मेवालीनं ओळंबा लावला, घाबरत मिस्त्रीणबाईकडे पाहिलं आणि मान हलवली. मिस्त्रीणबाईनं पाच विटा उचलून बाजूला ठेवल्या.

"वा!" जाऊ कडाडली. "परक्यांची पाडलीत, आता घरच्यांचीही पाडा!"

"पाडते की. लाव पुन्हा."

दोघी दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी जावेच्या हातचे चार थर उभे होते आणि त्यातली एकही वीट कुणी काढली नव्हती.

मुलं गेली त्या दिवशी भिंती खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत आल्या होत्या. छत नाही, दार नाही. समारंभासाठी आणलेली फीत हेडमास्तरांनी कपाटात ठेवून दिली. बस निघताना चष्मेवाली उतरून परत आली आणि मिस्त्रीणबाईला मिठी मारून रडली. ती काय बोलली ते कळलं नाही, बाई बसच्या पलीकडे होत्या. मिस्त्रीणबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "नीट जा गं बाळ," म्हणाली.

पुढचं वर्ष सोपं गेलं असं नाही. संस्थेनं दुसरी खोली दुसऱ्या गावाला दिली. हेडमास्तर चार महिने मिस्त्रीणबाईला पाहून रस्ता बदलत होते. पाचवा वर्ग व्हरांड्यातच बसत होता, आणि तिथून जाताना वाऱ्यावर फडफडणाऱ्या वह्या ऐकल्या की तिची पावलं अडायची. आपण ताणलं का फार? तिनं एकदा मिस्त्रींना विचारलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री काठी टेकत, तीनदा बसत, शाळेपर्यंत चालत गेले. सात वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या भिंतींना प्रदक्षिणा घातली, काठीनं कोपरे ठोकले. "मागच्या कोपऱ्यात माल जरा जास्त झालाय," म्हणाले. दुसरं काही नाव ठेवायला सापडलं नाही, म्हणून चिडून घरी आले.

अखेर पालकांनीच हातपाय हलवले. कुणी सळया आणल्या, कुणी सुट्टीच्या दिवशी राबले. दहाव्या महिन्यात स्लॅब पडला. स्लॅबच्या दिवशी घमेली पुढे देणाऱ्यांच्या रांगेत हेडमास्तर सदऱ्याच्या बाह्या वर करून उभे होते, त्यांनी मिस्त्रीणबाईला "पाणी किती दिवस मारायचं?" एवढंच विचारलं आणि तिनं "एकवीस" म्हटलं. तंटा मिटला. मधेच केव्हातरी धाकट्या बाईंना लंबूचं पत्र आलं. त्यानं त्या दुसऱ्या गावात चौकशी केली होती. भिंत खरोखरच पाडून पुन्हा बांधली होती. त्यानं चौघा गवंड्यांचे आभार मानले होते आणि ते म्हणे फार ओशाळले.

त्या खोलीनंतर मिस्त्रीणबाईला पहिलं घर मिळालं, मग दुसरं. तिघी जणी तिच्याबरोबर होत्या, पुढे पाच झाल्या. गाव अजून मिस्त्रीणबाईच म्हणतं, पण आता तसं म्हणताना कुणी शेजाऱ्याला डोळा मारत नाही.

आणि जाऊ? तिनं दोन वर्षांत आपली वेगळी थापी, वेगळी दोरी केली आणि एके दिवशी मिस्त्रीणबाईच्या हातात आल्यातच जमा असलेलं दवाखान्याच्या कुंपणाचं काम सरळ पळवलं. मिस्त्रीणबाई आठ दिवस धुसफुसत होती. "मी शिकवली आणि मलाच शिकवायला लागली," येईल त्याला सांगत होती. मिस्त्री खाटेवर पडून हसत होते, त्यानं आणखी भडका उडत होता.

नवव्या दिवशी जाऊ दारात आली. कुंपण लांबलचक आहे, एकटीच्या हातानं आटपायचं नाही, म्हणाली.

"मग? हाताखाली येऊ तुझ्या?" मिस्त्रीणबाईनं घरातूनच विचारलं.

"हाताखाली कोण म्हणतंय? तुम्ही त्या टोकापासून सुरू करा, मी या टोकापासून. मधे भेटू."

मिस्त्रीणबाई थोडा वेळ पुटपुटत राहिली. मग पायांत चपला सरकवल्या, नवऱ्याला म्हणाली, "अहो, चहा झाकून ठेवलाय," आणि जावेबरोबर निघाली.